टांकसाळ अनिश्चित

नाण्याच्या मागच्या बाजूला, चित्राच्या खाली एक आडवी रेघ असते. तिच्याखाली टी, आर, पी अशी तीन अक्षरं. आपल्याकडच्या माणसाला ती वाचून टीव्हीच आठवणार. मलाही तोच आठवला होता. प्रत्यक्षात पहिली दोन अक्षरं ट्रेवेरी या लोकांच्या नगराची, म्हणजे जर्मनीत मोझेल नदीकाठी असलेल्या आजच्या ट्रिअर शहराची, आणि ‘पी’ म्हणजे तिथल्या टांकसाळीचा पहिला विभाग. इंग्लंडच्या शेतांत चौथ्या शतकातली जी रोमन ब्राँझची नाणी सापडतात त्यांत ट्रिअर, लियाँ आणि आर्ल या तीन टांकसाळींचा भरणा एवढा आहे, की ही अक्षरं दिसली की निम्मं काम झालं. पण नेमकी तीच दिसत नाहीत. छाप जरा खाली सरकलेला असतो, अक्षरं नाण्याच्या बाहेर गेलेली असतात. जिथे ती आत आलेली असतात तिथे सोळाशे-सतराशे वर्षांच्या ओल्या मातीने आणि नांगराने त्यांचा निकाल लावलेला असतो.

मी इंग्लंडच्या नैऋत्य भागातल्या एका संग्रहालयात लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करते. धातुशोधक यंत्र घेऊन शेतं पालथी घालणं हा इथे अनेकांचा रविवारचा छंद आहे. त्यांना जे सापडतं ते त्यांनी स्वखुशीने दाखवावं, त्याची नोंद व्हावी आणि वस्तू परत मिळावी, अशी एक योजना इंग्लंड आणि वेल्समध्ये 1997 पासून चालू आहे. 1996 च्या कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी, साध्या धातूची दहा किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर ती सरकारला कळवावीच लागतात. सुट्या ब्राँझच्या नाण्याला हे बंधन नाही. त्यामुळे ते माझ्यापर्यंत येतं ते केवळ माणसाच्या भलेपणामुळे: तंबाखूच्या डबीत, औषधाच्या बाटलीत, कधी नुसतं रुमालाच्या गाठीत.

साठा आणि सुटं नाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक. डेव्हन परगण्यातल्या सीटन डाउनला 2013 मध्ये जवळपास तेवीस हजार नाण्यांचा साठा निघाला. एकमेकांना बिलगून राहिल्यामुळे त्यातली पुष्कळ नाणी टवटवीत राहिली होती, टांकसाळीची खूण आणि राजाचं नाव दोन्ही सांगणारी. सुट्या नाण्याला असा शेजार मिळालेला नसतो. ते कुणाच्या तरी हातून पडलं, शोधायला वाकावं एवढी त्याची किंमत नव्हती, आणि तेव्हापासून ते एकटंच झिजत राहिलं.

पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकत असताना आमचा रोम म्हणजे सातवाहनांच्या काळातला रोम. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला ब्राँझचा पोसायडन, नेवासे आणि तेरच्या उत्खननांतली मद्यकुंभांची खापरं, ऑगस्टस आणि टायबेरियसची चांदीची नाणी. त्या रोममध्ये राजांचे चेहरे ओळखू येतात: हा नीरो, गळ्याला वळी पडलेला, हा व्हेस्पॅशियन, टकलू. चौथ्या शतकातल्या नाण्यांवर त्या ज्ञानाचा काडीचा उपयोग होत नाही. इथे सगळे राजे एकाच आईची मुलं असल्यासारखे दिसतात. मोठाले डोळे, सरळ नाक, गुळगुळीत हनुवटी, डोक्यावर मोत्यांची पट्टी. ज्युलियनने दाढी राखली म्हणून तो तेवढा वेगळा पडतो. चित्रकाराला माणूस दाखवायचाच नव्हता, पद दाखवायचं होतं.

खरा उपयोग झाला तो बाबांच्या शिवरायांचा. साताऱ्याला तांबटांकडे मोडीत आलेल्या शिवराया बाबा निवडून आणायचे. पुढे तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, मागे दोन ओळींत ‘छत्र पति’. पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावायचा. कुठे ‘राजा’मधला काना, कुठे ‘छत्र’चा नुसता त्र. आहे तेवढ्यावरून नसलेलं ताडायचं, आणि ताडलेलं खरोखर तिथे आहे की आपल्याला हवं म्हणून दिसतंय हे पुन्हा तपासायचं, ही सवय मला तिथे लागली. मजकूर पाठ असला की डोळा त्याला वाटेल ते दाखवतो. पाठांतराशिवाय काम होत नाही आणि पाठांतरावर विसंबलं तर कामाची माती होते.

नाणं हातात आलं की आधी वाचायला जायचं नाही. आधी वजन, दोन दशांश स्थळांपर्यंत. मग व्यास. मग दोन्ही बाजूंचा कोन: नाणं अंगठा आणि तर्जनीत उभं धरून पुस्तकाच्या पानासारखं उलटायचं आणि मागच्या चित्राचं डोकं घड्याळाच्या कोणत्या आकड्याकडे येतं ते लिहायचं. या काळातल्या अधिकृत नाण्यांत ते बहुतेक बाराला किंवा सहाला असतं. चारला किंवा नऊला आलं की कान टवकारायचे. हे तीन आकडे कंटाळवाणे वाटतात, पण काळाचा अर्धा निर्णय तिथेच होतो, कारण चौथ्या शतकात ब्राँझचं नाणं एकंदरीत वाळत गेलं. साधारण 294 मध्ये डायोक्लेशनने काढलेलं नवं नाणं दहा ग्रॅमच्या आसपास होतं, थोडी चांदी मिसळलेलं, तळहातावर जाणवणारं. कॉन्स्टंटाइनच्या अखेरीस, 336 च्या सुमारास, ते दीड ग्रॅमच्या घरात आलं. शतक संपताना जी नाणी पाडली जात होती त्यांतली कित्येक एक ग्रॅमच्या आसपास, करंगळीच्या नखाएवढी. सोन्याचा सॉलिडस मात्र साडेचार ग्रॅमवर ठाम. कर सोन्यात, सैनिकांची बक्षिसी सोन्यात. भाजीपाला घेणाऱ्याच्या हातातला खुर्दा झिजला तर सरकारला फारसं सोयरसुतक नव्हतं.

या नाण्यांना त्या काळचे लोक काय म्हणत, हे नीट ठरलेलं नाही. कायद्याच्या मजकुरात ‘मायोरिना’ आणि ‘सेंटेनिओनालिस’ ही नावं येतात, पण कोणतं नाव कोणत्या नाण्याचं यावर अभ्यासक भांडतात. म्हणून व्यासावरून एक ते चार असे गट पाडून काम चालवायचं: पंचवीस मिलिमीटरच्या वर पहिला, सतराच्या खाली चौथा. ज्या वस्तूचं नावच हरवलंय तिची ओळख पटवायची नोकरी, असं मी कधीकधी गमतीने म्हणते. इकडे त्यावर कुणी हसत नाही.

आकड्यांनंतर मागची बाजू. सर्वांत जास्त येतात ते दोन शिपाई. समोरासमोर उभे, हातात भाले, मध्ये निशाण. भोवती ‘ग्लोरिया एक्सर्सिटस’, सैन्याचा गौरव. निशाणं दोन असतील तर 330 ते 335, एकच असेल तर 335 ते 341. एवढा नेमका काळ फारच थोडी नाणी देतात. पण झिजलेल्या नाण्यावर मध्ये नुसता एक उंचवटा उरतो, आणि तो एका निशाणाचा की एकात मिसळलेल्या दोघांचा हे कळत नाही. मी तेव्हा शिपायांच्या मधली जागा बघते. दोन निशाणांना जागा लागते, म्हणून शिपाई कडेला सरकलेले, किंचित आखडलेले असतात. एकच असेल तर ते ऐसपैस उभे असतात. वजन सव्वादोन-अडीच ग्रॅम की दीड, हाही साक्षीदार. उजेड डावीकडून, जवळजवळ टेबलाला समांतर सोडायचा आणि नाणं हळूहळू फिरवायचं. एका विशिष्ट क्षणी दोन उभ्या सावल्या पडतात, पुढच्याच क्षणी त्या जातात. पडल्या होत्या हे पुरेसं असतं.

मग पुढची बाजू, आणि तिथे कॉन्स्टंटाइनच्या घराण्याचा खरा ताप सुरू होतो. बापाचं नाव कॉन्स्टंटाइनस. मुलं कॉन्स्टंटाइनस, कॉन्स्टंटियस आणि कॉन्स्टन्स. सहा-सात अक्षरं सर्वांची सारखी, आणि झिजलेल्या नाण्यावर तीच शिल्लक राहतात. निर्णय शेपटीत असतो: ‘इनस’, ‘इयस’ की नुसता ‘न्स’. शेपटी गेलेली असेल तर डोक्याकडे वळायचं. बाप ऑगस्टस, म्हणजे थोरला सम्राट, म्हणून त्याला 324 नंतर जडावाची पट्टी; मुलं तोवर सीझर, म्हणजे धाकटे सम्राट, म्हणून त्यांना लॉरेलच्या पानांची माळ. माळ असेल तर बाप वगळला. पण 337 च्या मे महिन्यात बाप गेला, सप्टेंबरात तिन्ही मुलं ऑगस्टस झाली, तिघांनाही पट्टी चढली आणि ही खूण निकामी झाली. मधल्या उन्हाळ्यात चुलतभावांची कत्तल झाली. त्यांतल्या डाल्मॅटियसची नाणी तुरळक आढळतात. हाताशी आलं तर त्या दिवशी चहाबरोबर केक मागवायचा, असा आमच्या खोलीचा रिवाज आहे.

व्हालेन्स आणि व्हालेन्टिनियन या भावांचं प्रकरण मला मनापासून आवडतं. 364 ते 375 या काळात दोघांच्या नावाने त्याच टांकसाळींनी तीच चित्रं पाडली. एकावर पंखांची विजयदेवता हातात हार घेऊन डावीकडे चाललेली, दुसऱ्यावर राजा एका कैद्याला केसांना धरून उजवीकडे फरफटत नेतोय. मजकूर पुसलेला असला तरी कोण कुठल्या दिशेला चाललंय यावरून मागची बाजू कळते. राजा कोण, हे मात्र पुढच्या बाजूच्या एका अक्षरावर ठरतं. राजाचं डोकं मजकूर मधोमध तोडतं. व्हालेन्सचं नाव आखूड, त्यामुळे शेवटचा ‘एस’ तुटून डोक्याच्या पलीकडे एकटा पडतो, आणि त्याच्यामागे लगेच पदव्या सुरू होतात. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात तो एकाकी ‘एस’ दिसला की बाकी काही दिसलं नाही तरी चालतं. हा तोच व्हालेन्स, जो 378 च्या ऑगस्टमध्ये एड्रियानोपलला गॉथांशी लढताना मारला गेला आणि ज्याचं शवही मिळालं नाही.

आणणाऱ्यांशी माझा एकच वाद होतो, साफसफाईचा. मातीत असताना नाण्याच्या पृष्ठभागाचं रूपांतर हिरव्या-तपकिरी थरात होतं, आणि पुष्कळदा चित्राचे बारकावे त्या थरातच जिवंत राहिलेले असतात. खालचा धातू खडबडीत, मुका असतो. लिंबाच्या रसात रात्रभर ठेवलं की सकाळी नाणं लालबुंद, चकचकीत आणि कोरं. आपल्याकडे तांब्या-पितळेला चिंच-मीठ लावून लख्ख करायचा संस्कार आहे, त्यामुळे या लोकांना मी दोष देऊ शकत नाही. बाबांच्या कित्येक शिवराया आईने दिवाळीच्या आवराआवरीत अशाच उजळवल्या होत्या. मी सांगते: ऊर्ध्वपातित पाणी, लाकडी काडी आणि कंटाळा येईपर्यंत धीर. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर यातलं काहीच नको, सरळ माझ्याकडे आणा. तो धातूचा रोग असतो. डबीत ओल शोषणारे सिलिकाचे दाणे टाकून नाणं कोरडं ठेवलं नाही तर त्याची हळूहळू पूड होते.

या सगळ्या चित्रांत माझं लाडकं म्हणजे कोसळणारा घोडेस्वार. 348 च्या सुमारास कॉन्स्टंटियस आणि कॉन्स्टन्स या भावांनी नवी मोठी नाणी काढली, मजकूर ‘फेल टेम्प रेपारातियो’, म्हणजे सुखाचे दिवस परत आले. रोमच्या स्थापनेला अकराशे वर्षं झाली त्या निमित्ताने ही घोषणा केली असं मानतात. त्यांतल्या एका प्रकारात शिपाई भाला रोखून उभा आहे, खाली घोडा पुढच्या पायांवर बसकण मारतोय आणि स्वार त्याच्या मानेला मिठी मारून वाचायची धडपड करतोय. काही नाण्यांवर तो मागे वळून हात पसरतो. त्या हाताच्या ठेवणीवरून अभ्यासकांनी पोटप्रकार पाडले आहेत, आणि मरणाऱ्या माणसाचे हात मोजत बसणं हा माझ्या दिवसाचा मोठा भाग असतो. सुखाचे दिवस तर आलेच नाहीत. 350 मध्ये मॅग्नेंटियसच्या बंडात कॉन्स्टन्स मारला गेला, तीन वर्षं यादवी चालली.

त्यानंतर ब्रिटनमध्ये नव्या नाण्यांचा पुरवठा आटला आणि लोकांनी घोडेस्वार स्वतःच पाडायला घेतला. या नकला दिसायला विलक्षण. शिपाई म्हणजे चार काड्या, घोडा म्हणजे एक गाठोडं, स्वार कधी गायबच. मजकुराच्या जागी नुसत्या उभ्या-तिरप्या रेघा, कारण कोरणाऱ्याला लिहिता येत नव्हतं; नाण्यावर काहीतरी लिहिलेलं असतं एवढंच त्याला ठाऊक. काही एक ग्रॅमपेक्षाही हलक्या. फोनवर बाबांना फोटो दाखवला तर ते म्हणाले, “अगं, म्हणजे खोटं नाणं. टाकून दे.” मी म्हटलं, खोटं म्हणायला कुणीतरी फसायला हवं, ही एवढीशी टिकली कुणी खरं समजून घेतली असेल असं वाटत नाही. सुटे पैसे नव्हते, बाजार तर चालवायचा होता, म्हणून सगळ्यांनी कानाडोळा केला. “आणि विकायला गेलं तर?” या प्रश्नाशिवाय बाबांचं बोलणं संपत नाही. एका सँडविचचेही पैसे येणार नाहीत, हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुला पगार कोण देतं?”

पगार कशासाठी मिळतो, ते रिचर्ड रीस यांच्या कामामुळे सांगता येतं. ब्रिटनमधल्या रोमन नाण्यांचे त्यांनी एकवीस कालखंड पाडले आणि निरनिराळ्या स्थळांवर कोणत्या खंडातली नाणी किती सापडतात याची तुलना केली. किल्ला, शहर, देऊळ, खेडं, प्रत्येकाचा उतार-चढाव वेगळा. या हिशेबाला देखणं नाणं लागत नाही. मध्ये निशाण एक की दोन तेही कळत नसेल, राजा कळत नसेल, टांकसाळ कळत नसेल, तरी दोन शिपाई ओळखले की नाणं सतराव्या खंडात जाऊन बसतं आणि त्याचं मत मोजलं जातं. म्हणून अपुऱ्या नोंदीची मला लाज वाटत नाही. ‘कॉन्स्टंटाइनचं घराणं, 330 ते 341, टांकसाळ अनिश्चित’ ही पूर्ण नोंद आहे. धोका आहे तो रिकामा रकाना बघवत नाही म्हणून भरण्याचा. आमच्याकडे शिकायला येणारी हुशार मुलं पहिल्या महिन्यात प्रत्येक नाण्याला टांकसाळ देतात, आणि ती बहुतेक वेळा ट्रिअर असते. इथे ट्रिअरचीच नाणी जास्त सापडतात, मग हेही ट्रिअरचंच असणार! अशा नोंदी साठत गेल्या की पुढचा संशोधक त्याच मोजून सांगणार, की ब्रिटनमध्ये ट्रिअरची नाणी फार. आपणच ओतलेलं पाणी आपणच मोजायचं.

हाच प्रश्न परवा दुसऱ्या टोकाकडून आला. डेक्कन कॉलेजातली माझी एक मैत्रीण सध्या तमिळनाडूत काम करते. करूरला अमरावतीच्या आणि मदुराईला वैगईच्या पात्रात चौथ्या-पाचव्या शतकातली ही चिमुकली रोमन नाणी पुष्कळ सापडली आहेत. ‘दिनमलर’ दैनिकाचे तेव्हाचे संपादक आणि नाण्यांचे अभ्यासक आर. कृष्णमूर्ती यांनी 1994 मध्ये त्यांवर स्वतंत्र पुस्तक काढलं. श्रीलंकेत तर ती प्रचंड सापडली, आणि तिथेही स्थानिक लोकांनी त्यांच्या नकला पाडल्या. भूमध्य समुद्राकाठी जिला कुणी विचारलं नसतं ती चिल्लर एवढ्या लांब का आली, यावर वाद आहेत. मला सर्वांत पटणारं उत्तर साधं आहे: तिथल्या बाजारालाही मोड हवी होती.

मैत्रिणीने फोटो पाठवला. व्यास तेरा मिलिमीटर, वजन 0.91. विजयदेवता खांद्यावर काहीतरी घेऊन कैद्याला ओढत डावीकडे चालली आहे. तिच्यापुढे ख्रिस्ताच्या नावाची संयुक्त खूण असल्याचा भास. म्हणजे ‘सालुस रेइपुब्लिकाए’, 388 नंतरचं, पुढची बहुधा पंधरा-वीस वर्षं. आडवी रेघ शाबूत, तिच्याखाली वाळूने घासून केलेला आरसा. मैत्रिणीने विचारलं, “अँटिओक टाकू का? इथे पूर्वेकडचीच जास्त येतात.”

मी तिला टाकू नकोस म्हटलं, आणि उजेड उजवीकडून सोडून आणखी एक फोटो घ्यायला सांगितलं. तो आला. रेघेखाली एक उभा फराटा दिसतो. तो अँटिओक किंवा निकोमेडियाच्या ‘एन’चा पाय असेल, अलेक्झांड्रियाच्या ‘एल’चा असेल, किंवा नुसता ओरखडा. तिने शेऱ्यात तेवढंच लिहिलं आणि पुढचं नाणं घेतलं. त्याच्यावर म्हणे क्रूस आहे, पण कडा चौकोनी कापलेल्या आहेत. ते श्रीलंकेत पाडलेलं असावं असा तिचा अंदाज आहे. मी अजून पाहिलेलं नाही.